गहू असेल ना?

भुतांच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही दुपारची आहे.

आणि खरी आहे. मला गोष्टी रचता येत नाहीत. ते काम माझ्या सासूबाईंचं होतं. ज्यांना पटणार नाही त्यांनी नीश शहरात, दुवानिश्ते वस्तीत जाऊन चौथ्या मजल्यावरच्या त्या घराची चौकशी करावी. भाडेकरू येतो, थोडे दिवस राहतो आणि काही न बोलता सामान बांधतो.

तारीख एकवीस नोव्हेंबर. थोरल्या देवदूताचा, अरांजेलचा दिवस. चार वर्षं झाली त्याला. जे घडलं ते माझी मावसबहीण यागोदा हिच्या घरात घडलं, भर दुपारपासून दिवेलागणीपर्यंत. तिनं ते मला त्याच संध्याकाळी फोनवर सांगितलं. पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

मीही काढला नसता. पण काल माझ्या घरात एक गोष्ट झाली... म्हणून लिहायला बसले.

यागोदा सेहेचाळीस वर्षांची. लग्न केलं नाही. नीशला चष्म्याच्या दुकानात कामाला. मूळची वेली दोलची, म्हणजे डोंगरातल्या अशा गावाची की जिथं आता चार-पाच घरांतूनच काय तो धूर निघतो. आई लवकर गेली. तिचे वडील, आमचे चेदोमिरकाका, त्या वर्षी वसंतात गेले. एकुलती एक मुलगी. मागे कुणी नाही.

आमच्याकडे प्रत्येक घराण्याचा एक संत असतो. त्याच्या दिवशी घरात स्लावा. मेणबत्ती, लाल वाईन, सणाचा मोठा गोल पाव आणि दिवसभर पाहुण्यांची रीघ. हा कुळाचार बापाकडून मुलाकडे जातो. एखादं घर बुडालं की लोक एवढंच म्हणतात, त्यांची मेणबत्ती विझली. काकांना मुलगा नव्हता. अंथरुणावर पडल्या पडल्या ते यागोदाला म्हणाले होते,

"पोरी, मेणबत्ती तू लाव. लोक काय बोलायचं ते बोलू देत."

"लावीन, बाबा."

"आणि पाव एकटीनं मोडू नकोस. दोघांचे हात लागतात."

बस, एवढंच. या एका वाक्यानं तिची झोप उडाली.

कारण पाव असा मोडतात. खालून सुरीनं क्रॉसची चीर द्यायची, तिच्यात वाईन ओतायची. मग एका बाजूनं घरधन्यानं धरायचा, समोरून दुसऱ्यानं. दोघांनी मिळून तो गोल फिरवायचा आणि मोडायचा. मोठा तुकडा ज्याच्या हातात राहील त्याच्याकडे वर्षाची बरकत. यागोदा लहान असल्यापासून समोरची बाजू तिची. काका डावखुरे. दर वर्षी ते पाव उलटाच फिरवायचे, ती दर वर्षी ओरडायची, आणि दोघं हसायचे.

एकट्या माणसाला मेणबत्ती लावता येते. स्वयंपाक करता येतो. पाव मोडता येत नाही.

"ताई, तू नाही का येऊ शकत? अगदी उभ्या उभ्या?" तिनं मला विचारलं होतं.

"अगं, आमच्याकडेही तीच स्लावा. घरधनीण उंबरा सोडून नीशला आली, तर तुझे भावोजी पाहुण्यांना सुपाऐवजी हात धुवायचं पाणी वाढतील."

ती हसली. "भावोजींना सांग, वाढा. राकियाचे चार कडक घोट पोटात गेल्यावर कुणाला कळतंय."

अरांजेलच्या दिवशी अर्ध्या देशाच्या घरी स्लावा असते. ज्याच्या घरी नाही, तो ज्याच्या घरी आहे त्याच्याकडे जेवायला गेलेला असतो. त्या दिवशी मोकळा माणूस सापडणं म्हणजे महाकर्मकठीण.

म्हणून तिनं हाय्देवर टाकलं.

हाय्दे म्हणजे 'चला'. त्या नावाची वेबसाइट आहे. आपल्या शहरात कुणाला फिरायला, बुद्धिबळ खेळायला, नुसत्या गप्पा मारायला सोबत हवी असेल, तर तिथं मेळावा जाहीर करायचा. ज्यांना यायचंय ते 'येणार' दाबतात. दाराशी आले की 'पोहोचलो' दाबतात. यागोदा रविवारी निशावा नदीच्या काठानं चालायला जायची ती असल्याच जमलेल्या माणसांबरोबर. चालणं, कॉफी, आणि मग ज्याचं त्याचं कुलूप.

तिनं लिहिलं, 'घरची स्लावा. दुपारी बारापासून. कुणीही या. पाव मोडायला एका माणसाचा हात हवा आहे.'

साइटनं विचारलं, एकदाच की दरवर्षी?

स्लावा एकदाच कशी असेल? तिनं 'दरवर्षी' दाबलं.

खालच्या मजल्यावरच्या क्रूनाकाकूंना हे कळलं तेव्हा त्यांनी तिला जिन्यातच गाठलं. क्रूनाकाकू विधवा, गुडघ्यांनी बेजार, जीभ मात्र ठणठणीत.

"स्लावेला बोलावत नसतात, मुली. ज्याला यायचं तो आपण होऊन येतो."

"न बोलावता माझ्याकडे कोण येणार, काकू?"

"तेही खरंच. पण एक लक्षात ठेव. स्लावेच्या दिवशी दारात आला त्याला परत पाठवता येत नाही. मग तो वैरी का असेना."

"वैरी आला तरी चालेल. दोन हात असले म्हणजे झालं. तुम्हीच या ना."

"माझे गुडघे काय म्हणतात ते बघते," म्हणत काकू कठडा धरून खाली गेल्या.

पहिल्या दोन दिवसांत दोघींनी 'जमलं तर येऊ' असं लिहिलं. दोघी चालण्याच्या गटातल्या. मग बरेच दिवस काहीच नाही.

मग एकानं विचारलं. फोटो नव्हता. नाव स्तानोये.

'गहू असेल ना?'

आता हे गव्हाचं सांगायला हवं. गहू शिजवून, वाटून, त्यात साखर आणि अक्रोड घालतात. स्लावेला तो दाराशीच ठेवतात. पाहुण्यानं आत येताना एक चमचा खायचा आणि चमचा शेजारच्या पाण्याच्या पेल्यात टाकायचा. हा घास गेलेल्यांच्या नावाचा. बहुतेक घरांत असतो.

अरांजेलच्या घरांत मात्र नसतो. इतर संत कधीतरी मेले. देवदूत कधी मेला? तो जिवंत आहे. उलट मरणाऱ्यांचे जीव न्यायला तोच येतो. काका म्हणायचे, "आमचा साहेब अजून कामावर आहे. त्याचं श्राद्ध कसं घालायचं?"

यागोदाला हे माहीत होतं. लहान मुलांनाही माहीत असतं.

पण पाहुण्यानं विचारलं होतं. नाही म्हटलं आणि आलाच नाही तर? तिनं बराच वेळ विचार केला आणि लिहिलं, 'असेल.'

त्या संध्याकाळपासून आकडा वाढायला लागला.

रोज एक-दोन. कुणाचाच फोटो नाही. नावं जुन्या वळणाची. झिव्को. पेत्काना. राद्येन. तिला वाटलं, म्हातारी माणसं असतील. म्हाताऱ्यांनाही एकटं वाटतंच की. आदल्या दिवशी आकडा बारावर गेला. तिनं मला फोन केला तेव्हा तिचा आवाज इतका हलका झाला होता की मलाच बरं वाटलं.

"ताई, बारा माणसं. शेजारच्यांकडून खुर्च्या आणल्यात."

गव्हाचं ती मला बोलली नाही.

त्या दिवशी पाद्री सकाळीच आला आणि घाईघाईत आशीर्वाद देऊन पुढच्या घरी पळाला. पाव मोडायला तो थांबत नाही. डोंगराकडे ते घरच्यांचं काम. बाराला यागोदानं मेणबत्ती लावली. वडिलांचा पांढरा टेबलक्लॉथ धुऊन, इस्त्री करून अंथरला होता. सूप, कोबीच्या पानांत गुंडाळलेली सारमा, भाजलेलं डुकराचं मांस. दाराशी छोट्या टेबलावर गव्हाचा वाडगा, त्यावर साखरेचा क्रॉस. एका पेल्यात कोरडे चमचे, एका पेल्यात पाणी.

आणि ती उभी राहिली. स्लावेच्या दिवशी घरधनी बसत नाही.

कुणी आलं नाही.

चालण्याच्या गटातल्या एकीचा निरोप आला. आत्याकडे अडकले गं, पुढच्या वेळी नक्की. थोड्या वेळानं दुसरीचाही आला. पोराला ताप आहे.

सूप पुन्हा गरम केलं. पुन्हा निवलं.

मग... लिफ्टचा आवाज आला.

लिफ्ट वर येत होती. चौथ्या मजल्यावर थांबली. दार उघडल्याचं तिनं ऐकलं. तिनं केस सारखे केले, चेहऱ्यावर हसू आणलं.

बेल वाजली नाही.

टेबलावर फोन वाजला. 'तुमच्याकडे एकजण पोहोचला आहे.'

तिनं दार उघडलं. बाहेर कुणी नाही. लिफ्टचं दार उघडंच होतं. त्या जिन्यात माणसाची चाहूल लागली की दिवा आपोआप लागतो.

दिवा लागलेला नव्हता.

"या ना," ती तरीही म्हणाली. कुणी लाजून जिन्यात मागे थांबलं असेल, असं तिला वाटलं. "आत या. तुमचंच घर आहे."

ती थोडा वेळ दार उघडं धरून उभी राहिली. मग लावून आत वळली. आणि तिचं लक्ष गेलं...

पाण्याच्या पेल्यात एक चमचा होता.

आपणच टाकला असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. सकाळपासूनची धावपळ.

लिफ्ट खाली गेली. वर आली. दार उघडलं. फोन वाजला. ती दाराकडे गेली नाही. गव्हाच्या वाडग्याकडे पाठ करून टेबलापाशी उभी राहिली. मागून काचेवर धातू लागल्यासारखा बारीक आवाज आला... टिण्.

मग पुन्हा लिफ्ट.

पुन्हा टिण्.

किती वेळा, ते तिनं मोजलं नाही. शेवटी तिनं वळून पाहिलं. कोरड्या चमच्यांचा पेला रिकामा. सगळे चमचे पाण्यात. साखरेचा क्रॉस अर्धा नाहीसा झालेला. पाणी स्वच्छ होतं. गव्हाचा एक कण नाही, साखरेचा गढूळपणा नाही. त्या चमच्यांना कुणाचं तोंड लागलंच नव्हतं.

तिनं फोन हातात घेतला आणि नावं पुन्हा वाचली. स्तानोये. झिव्को. पेत्काना. राद्येन.

ही नावं तिनं याआधी एकदा एकत्र वाचली होती. लहानपणी. वेली दोलच्या दफनभूमीत, बाबांबरोबर थडग्यांवरचं गवत उपटताना.

मी तिला विचारलं, तू त्याच क्षणी घराबाहेर का नाही पळालीस?

"कुठे जाणार, ताई?" ती म्हणाली. "आणि पाहुणे आत होते ना."

तिनं काय केलं माहीत आहे? तिनं बाराही ताटल्यांत सूप वाढलं. प्रत्येक खुर्चीमागे जाऊन, वाकून, उजव्या हातानं. बारा ताटल्यांतून वाफ निघत होती आणि खोलीत एकाही चमच्याचा आवाज नव्हता. सूप तसंच निवलं. तिला रडू आलं ते भीतीनं नाही. इतक्या माणसांत कुणी जेवत नव्हतं, म्हणून आलं.

तेवढ्यात बेल वाजली.

खरी बेल. दारात क्रूनाकाकू. हातात बिस्किटांचा पुडा, पायात घरातल्याच सपाता. जिन्यातला दिवा त्यांच्या डोक्यावर लागलेला.

"गुडघ्यांनी परवानगी दिली," काकू म्हणाल्या. "स्लावा सुखाची जावो, मुली. बरीच माणसं जमलीत वाटतं. मघापासून माझ्या डोक्यावर खुर्च्या सरकतायत."

यागोदानं त्यांचा हात दोन्ही हातांनी धरला. "काकू, आत या. आधी पाव मोडू. फक्त पाव धरा, बाकी काही नको."

काकूंनी एक पाऊल आत टाकलं. आणि गव्हाचा वाडगा पाहिला.

"हा कुणासाठी केलास?"

"पाहुण्यांनी विचारलं होतं."

"तुमचा संत जिवंत आहे ना गं?" काकूंचा आवाज एकदम खाली आला. "मग हा घास खायला कोण आलं?"

काकूंनी यागोदाच्या खांद्यावरून आतल्या टेबलाकडे पाहिलं. बारा वाढलेल्या ताटल्या. बारा खुर्च्या, टेबलापासून थोड्या थोड्या मागे ओढलेल्या, माणूस बसल्यावर असतात तशा. काकूंनी आपला हात हळूच सोडवून घेतला.

"घर भरलंय तुझं," त्या म्हणाल्या. "मला जागा नाही."

त्या जिन्यानंच खाली गेल्या. बेजार गुडघ्यांनी, लिफ्टकडे न बघता. बिस्किटांचा पुडा उंबऱ्यावर राहिला.

बाहेर अंधारायला लागलं होतं. पाव अंधाराआधी मोडायचा असतो. यागोदा टेबलाच्या टोकाशी गेली. पाव उलटा करून खालून चीर दिली, वाईन ओतली, सरळ केला आणि दोन्ही हातांनी आपली बाजू धरली. पाव जड होता. समोरची बाजू खाली झुकली.

"बाबा," ती म्हणाली, "मला कुणी मिळालं नाही."

आणि पाव... हलका झाला.

समोरची बाजू वर उचलली गेली. तिच्या हातांत तो सरळ झाला. मग हळूच फिरायला लागला.

उलटा.

ती म्हणाली, "ताई, मी ओरडले गं. बाबा, उलटा नको. दर वर्षीसारखी ओरडले. मला हसू आलं."



पाव मोडला. तिच्या हातात लहान तुकडा राहिला, मुठीत मावेल एवढा. मोठा तुकडा टेबलावर पडला नाही. जमिनीवरही नाही. तिनं नंतर टेबलाखाली, कपाटामागे, सगळीकडे पाहिलं.

तरी ती खूश होती. हे मला सगळ्यात जास्त लागतं. तिला वाटलं, झालं, बाबा आले, हात लागला, आपली मेणबत्ती चालू राहिली. ती डोळे पुसून मेणबत्तीकडे वळली.

मेणबत्ती शांत केलेली होती.

विझली नव्हती, शांत केली होती. फुंकून नाही. आमच्याकडे सण संपला की घरधनी बोट वाईनमध्ये बुडवतो आणि वातीवर थेंब सोडतो. वात ओली होती, लालसर. काकांना एक खोड होती. मेणबत्ती शांत केली की ते ओलं बोट टेबलक्लॉथच्या डाव्या कोपऱ्याला पुसायचे. दर वर्षी मावशी, आणि मावशीमागे यागोदा, त्यावरून त्यांना बोलायची.

इस्त्री केलेल्या पांढऱ्या कापडाच्या डाव्या कोपऱ्यावर एका बोटाचा लाल डाग होता.

फोन शेवटचा वाजला. 'यजमानांनी मेळावा संपवला आहे. हा मेळावा पुन्हा होणार नाही.'

मी तिला खूप समजावलं. वाऱ्यानं वात विझते. थकलेल्या माणसाच्या हातून काहीही होतं. ती ऐकत होती. मग शांतपणे म्हणाली,

"ताई, मी दिवा राखायला हात मागितला होता. ते मालवायला आले."

पुढे ती कामावर जात राहिली. रविवारचं चालणं सोडलं. बेल वाजली तर दार उघडायची नाही. उन्हाळा संपता संपता दुकानात, खुर्चीत बसल्या बसल्या गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय. तिच्या हृदयानं तोवर एकदाही तक्रार केली नव्हती. चाळीसाव्या दिवशी तिच्या थडग्यापाशी आम्ही गहू नेला. तेव्हा मात्र गहू शिजवायला काहीच हरकत नव्हती. मी, माझा नवरा तिहोमिर आणि क्रूनाकाकू. पाद्री धरून चार चमचे.

बापानं लेकीचा हात धरायला यावं आणि जाताना तिच्या घरचा दिवा मालवून जावं, याचा अर्थ मला आजवर लागलेला नाही. तिला सोडवायला आले होते, असं तिहोमिर म्हणतो. त्याला सगळ्याचं काहीतरी चांगलं दिसतं.

आता माझं.

आमच्या घरी पूर्वी स्लावेला बसायला जागा पुरायची नाही. आता पुरते. निम्मे मेले, निम्मे परदेशी गेले. मुलगा वेल्को डब्लिनला. यंदाही त्याला सुट्टी नाही. पाव आम्ही दोघं नवराबायकोच मोडतो, आणि तिहोमिरचे हात हल्ली थरथरतात. वेल्कोला वाईट वाटलं असावं. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला.

"आई, मी आपली स्लावा हाय्देवर टाकलीय. माणसं येतील. घर भरेल."

त्याला यागोदाचं काही माहीत नव्हतं. मी त्याला ते ताबडतोब काढायला लावलं. त्यानं कुरकुर करत काढलं. त्याआधी मी ते पान एकदाच उघडून पाहिलं होतं. 'येणार' कुणीच नव्हतं. खाली एक प्रश्न होता. फोटो नाही. नावाच्या जागी काहीच नाही.

'गहू असेल ना?'

मी उत्तर दिलं नाही. पान गेलं, प्रश्नही गेला. मी स्वतःला सांगितलं, संपलं.

काल तिहोमिर बाजारातून आला. पिशवीतून कांदे निघाले, कोबी निघाला, मेणबत्ती निघाली. तळाशी गव्हाची पिशवी.

"हा कशाला आणलास?" मी विचारलं. "आपल्याकडे कधी करतात का?"

"मलाही तेच वाटलं," तो कोट काढत म्हणाला. "पण तूच तर फोन केलास. गहू आण, पाव मोडायला माणूस येतंय म्हणालीस. लाइन खराब होती, पण एवढं कळलं."

मी दिवसभर फोनला हात लावला नव्हता. हे मी त्याला सांगितलं नाही. मी गव्हाची पिशवी ओट्यावर ठेवली. अन्न आहे, फेकवत नाही.

तो घरातल्या सपाता घालून खुर्चीत टेकला आणि माझ्याकडे बघून हसला.

"फक्त एक सांग," तो म्हणाला. "फोनवर तू मला भावोजी का म्हणत होतीस?"